खडशीचा माग

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. पुण्याच्या सात हौशी गळकऱ्यांनी भाटघरच्या जलाशयात एका दिवसासाठी होडी ठरवली होती. सगळे नोकरी-व्यवसायातले, चाळिशी-पन्नाशीचे. सोबतीला ‘इथला इतिहास माहीत असलेला माणूस’ हवा म्हणून त्यांनी मलाही बोलावले. भोरच्या पेठेत माझे पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचे दुकान आहे. शिक्षण बारावीपर्यंत. पण आमचे मूळ गाव भाटघरच्या पाण्याखाली गेले आहे. त्या गावाचा कागद शोधता शोधता जुनी गॅझेटिअरे, धरणाचे अहवाल, माशांवरचे निबंध असे जे हाती येईल ते वाचण्याची सवय पंचवीस वर्षांपूर्वी लागली, ती सुटलेली नाही.

होडी सकाळी सहाला सुटली. उत्तरेला राजगडाची संजीवनी माची धुक्यातून वर येत होती. मंडळींच्या हातात कार्बनच्या काठ्या, चकचकीत गरगड्या आणि पेटीभर धातूचे मासे. शिशाचा किंवा पोलादाचा मासा खोल पाण्यात सोडायचा आणि काठीला झटके देत वर खेचायचा. घाबरून पळणारे सावज समजून मोठा मासा त्यावर झडप घालतो. याला ते ‘जिगिंग’ म्हणतात. त्यांच्यातले एक गृहस्थ काही वर्षे अमेरिकेत बॉस्टनला होते. तिथे असेच दहा जणांनी मिळून जहाज ठरवले होते, किनाऱ्यापासून दूर अटलांटिकमध्ये जाऊन ब्लूफिन ट्यूना धरायला. आपल्या कोकणातला कुपा किंवा गेदर याच कुळातला, पण तो मासा पुरुषभर उंच आणि बैलाच्या वजनाचा होऊ शकतो. त्यांनी फोनवर फोटो दाखवले. मला फोटोपेक्षा त्यांनी जाता जाता सांगितलेली एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटली. तिथे हौशी माणसानेही ब्लूफिन धरून किनाऱ्यावर आणला, तर चोवीस तासांच्या आत सरकारला कळवावे लागते. लांबी किती, कुठे धरला, सगळे.

अकराच्या सुमारास एकाची काठी वाकली. पंधरा-वीस मिनिटांच्या झटापटीनंतर मासा होडीजवळ आला. पाठ काळसर हिरवी, बाजूला तांब्याच्या झाकेचे रुपयाएवढे खवले, पर निळसर राखाडी. तीनेक किलोचा असेल. ‘ब्लू-फिन महासीर!’ असा एकच गलका झाला. मग फोटो. प्रत्येकाच्या हातात देऊन फोटो. मासा परत सोडायचा, हे आधीच ठरलेले होते. तसा तो सोडला. पण पाण्यात पडल्यावर तो कुशीवर कलंडला आणि तसाच तरंगत राहिला.

होडीवाले आबा तोवर गप्प होते. त्यांनी वाकून माशाची शेपटी धरली, दुसरा हात पोटाखाली घातला, त्याचे तोंड वाऱ्याकडे केले आणि त्याला पाण्यात उभा धरून ठेवले. पाच मिनिटे तरी गेली असतील. कल्ल्यांची उघडझाप लागली, तसा हात सैल केला. मासा खाली गेला.

“सोडायची असली तर पाण्याभाईर काढायचीच कशाला, भाऊ?” ते मला हळूच म्हणाले. “खडशी हाय ती. तिला वारा सोसत न्हाई.”

खडशी. हा शब्द मी छापील स्वरूपात एका जुन्या इंग्रजी निबंधात पाहिला होता, थोड्या वेगळ्या वेषात. त्याचा माग काढत काढत हा लेख झाला.

*

विल्यम हेन्री साईक्स हे नाव पुण्याच्या इतिहासात अधूनमधून भेटते. १७९० साली जन्मलेला हा मुंबई लष्करातला अधिकारी. पेशवाई गेल्यावर नव्याने ताब्यात आलेल्या दख्खनची मोजदाद करायला कंपनी सरकारने १८२४ मध्ये त्याला सांख्यिकी अधिकारी नेमले. जमीन, पिके, लोकसंख्या यांच्या जोडीला त्याने पक्षी, प्राणी आणि मासेही टिपले. इंग्लंडला परतल्यावर ‘दख्खनचे मासे’ हा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे आला. त्याचा गोषवारा १८३९ मध्ये आणि चित्रांसह पूर्ण पाठ १८४१ मध्ये छापला गेला. भीमेच्या खोऱ्यातल्या चाळीसहून अधिक माशांचे वर्णन त्यात आहे आणि त्यातले बहुतेक शास्त्राला तेव्हा नवे होते.

नव्या जातीला नाव देताना त्या काळचे युरोपीय पंडित ग्रीक-लॅटिनकडे वळत किंवा एखाद्या मित्राचे नाव चिकटवीत. साईक्सनेही काही ठिकाणी तसे केले आहे. पण बऱ्याच ठिकाणी त्याने नदीकाठी ऐकलेला मराठी शब्दच लॅटिनच्या शेजारी बसवला. कोलुस, पोटेल, नुक्ता, शिंगटी, इचकिया, बोगट. ‘रोहटी’ हे तर त्याने एका पूर्ण प्रजातीचे नाव केले. पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या एका मोठ्या खवल्यांच्या माशाला त्याने नाव दिले ‘बार्बस खुद्री’. आज शास्त्र त्याला ‘टॉर खुद्री’ म्हणते. इंग्रजी बोलणारे गळकरी ब्लू-फिन महासीर म्हणतात. आमचे आबा म्हणतात खडशी. पुढच्या गावात खडस म्हणतात.

साईक्सला ही नावे कोणी सांगितली? कोळ्यांनी, भोयांनी, नदीवर रोज जाळे टाकणाऱ्यांनी. त्यांची नावे निबंधात नाहीत. नकाशे आणि वसुलीचे तक्ते करणाऱ्या साहेबापुढे टोपली ओतून ‘ही खडशी, हा कोळशी’ असे सांगणारा जो कोणी होता, त्याचा शब्द मात्र जगभरच्या संग्रहालयांतल्या बाटल्यांवर चिकटला. आमच्या भागातल्या मच्छीमारांनी मागे ठेवलेला सर्वांत जुना दस्तऐवज कोणता, असे मला विचाराल तर मी या नावांकडे बोट दाखवीन. ती त्यांनी स्वतः लिहिलेली नाहीत, पण ती त्यांचीच आहेत.

या नावांनी पुढे शास्त्रज्ञांना बराच घोळही घातला. साईक्सने ‘मुसुल्ला’ नावाचा दुसरा एक मोठा मासा घोड नदीतून वर्णिला होता. पुढची दीडशे वर्षे त्याला महासीर समजले गेले. दक्षिणेत कावेरीतल्या उंच पाठीच्या महासीरलाही काही काळ हेच नाव लावले जात होते. शेवटी २०१३ साली संशोधकांनी दाखवून दिले, की साईक्सचा मुसुल्ला मुळात महासीरच नव्हे, तो कोळशीच्या गोतातला आहे. नाव चुकीच्या माशाला लागले की खरा मासा बेनाम राहतो. त्याचे काय परिणाम होतात, ते पुढे येईलच.

*

गळाने, हौसेखातर मासा धरणे ही इंग्रजांनी आणलेली चाल, असा समज आहे. होडीतल्या मंडळींचाही तोच होता. त्यांच्या बोलण्यात सारखे हेन्री सलिव्हन थॉमसचे नाव येत होते. मद्रास इलाख्यातला हा मुलकी अधिकारी. त्याचे ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ मध्ये निघाले आणि महासीरच्या मागे लागलेल्या दोन-तीन पिढ्यांचे ते पाठ्यपुस्तक झाले.

पण त्याच्या साडेसातशे वर्षे आधी, ११३१ च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला. त्यातल्या गीतविषयक भागात जुन्या मराठीचे नमुने सापडतात, म्हणून मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ परिचित आहे. त्याच्याच विनोदविंशतीत ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. समुद्रातले कोणते मासे, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणाला कसले आमिष द्यावे, चारा टाकून मासा कसा माणसाळवावा, दोरी कशाची वळावी, काठी कशी असावी, लागलेला मासा दमवून कसा आणावा, हे सगळे त्यात आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे मत्स्यशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. म्हणजे मासा खायला नव्हे, खेळवायला धरणारा मनुष्य दख्खनला नवा नाही. फक्त तो राजा होता. कष्टकऱ्याला मासा खेळवायला वेळ कधी होता?

इंग्रज गळकऱ्यांनी मात्र एक वाद आणला, तो अजून मिटलेला नाही. नद्यांमधले मासे कमी होत आहेत आणि त्याला गावकरी जबाबदार आहेत, असे थॉमसचे आणि सर्जन फ्रान्सिस डेचे म्हणणे. बारीक जाळी, ओढ्यांतले सापळे, झाडपाल्याचे विष, पुढे सुरुंगाची दारू. या तक्रारींतूनच १८९७ चा मत्स्य कायदा झाला. त्याने पाण्यात स्फोटके आणि विष वापरणे गुन्हा ठरवले.

तक्रार खोटी नव्हती. मी स्वतः साक्षीदार आहे, थोडा आरोपीही. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, की आमच्याकडे ‘चढणीचे मासे’ निघतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भाताच्या खाचरांपर्यंत मासा उलट्या पाण्याने चढतो. अंडी घालण्यासाठी त्याला वरचे स्वच्छ, वाहते पाणी हवे असते. लहानपणी आम्ही पोरे कंदील घेऊन रात्रभर बांधावर असायचो. कोणी खोयन लावी, कोणी धोतर आडवे धरी. गाभोळीने भरलेल्या माशाचे कालवण म्हणजे वर्षातला सण. त्या गाभोळीत उद्याची नदी होती, हे तेव्हा कोणी सांगितले नाही आणि सांगितले असते तरी आम्ही ऐकले नसते.

पण कायद्याने बांधावरच्या पोराला पाहिले आणि नदीच पाठीशी अडवणाऱ्या भिंतीकडे काणाडोळा केला. मोठे महासीरही पावसाळ्यात वरच्या अंगाला जातात, वाळू-गोट्यांच्या उथळ पात्रात अंडी घालतात. वेळवंडी नदीवर भाटघरला पहिले धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. अभियंता व्हायटिंगच्या नावाने त्या जलाशयाला ‘लेक व्हायटिंग’ म्हणत. ते पुरेना म्हणून त्याच्या खालच्या अंगाला मैलभराहून लांब नवी भिंत उभी राहिली. १९२८ मध्ये तिचे उद्घाटन झाले आणि गव्हर्नर लॉइडचे नाव तिला मिळाले. आज तो येसाजी कंक जलाशय आहे आणि त्यात सुमारे साडेतेवीस टीएमसी पाणी मावते. जमीन भोर संस्थानची बुडाली, पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे गेले. ऊस तिकडे उभा राहिला. आमचे गाव इकडे खाली गेले.

नंतर वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, आंबीवर पानशेत झाले. ते १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुन्हा बांधले गेले. मग कानंदी-गुंजवणीवर गुंजवणी, मूळ नीरेवर नीरा-देवघर. सह्याद्रीतून पूर्वेला उतरणाऱ्या आमच्या प्रत्येक नदीला एकेक भिंत मिळाली. धरणग्रस्तांच्या याद्या झाल्या, मोबदल्याचे कागद झाले, अपुरे का होईना पण झाले. माशांची यादी कोणी केली नाही. भिंतीच्या खाली अडकलेली खडशी किती वर्षे वर जाण्यासाठी धडका देत राहिली असेल, याचा एकही कागद मला पंचवीस वर्षांत मिळालेला नाही.

*

खडशीचा पुढचा इतिहास धरणांतच घडला, हा यातला विरोधाभास.

मावळात टाटांची वीज-धरणे होती. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह १९२० च्या दशकात झाला, तो इतिहास वाचकांना ठाऊक आहे. त्याच कंपनीच्या लोणावळ्याच्या वळवण तलावावर १९७० मध्ये वेगळेच काम सुरू झाले. राज्याचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी आणि पुढे त्यांच्यासह शशांक ओगले यांनी टॉर खुद्रीच्या मादीची अंडी काढून, नराच्या वीर्याशी मिसळून, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये पिल्ले उबवली. महासीर संपत चालला आहे, अशी ओरड देशभर होती. लोणावळ्याची पिल्ले हा त्यावरचा उपाय वाटला. ती महाराष्ट्रातल्या तलावांत सोडली गेली, तशीच इतर राज्यांनाही दिली गेली. त्यातली काही कावेरीत गेली.

कावेरीतला महासीर वेगळा होता. उंच पाठीचा, नारिंगी पराचा, जगातल्या सर्वांत मोठ्या महासीरांपैकी. १९४६ साली कबिनी नदीत व्हॅन इंगेनने धरलेला १२० पौंडांचा मासा अजून गळकऱ्यांच्या बोलण्यात येतो. १९७० च्या दशकाअखेर इंग्रज गळकऱ्यांचे एक पथक तिथे पोहोचले, त्यांचे फोटो जगभर गेले आणि कावेरीकाठी गळकऱ्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. देशोदेशीचे लोक पैसे भरून यायचे, धरायचे, वजन करायचे, सोडायचे. छावणीच्या वहीत प्रत्येक माशाची नोंद व्हायची.

२०१२ मध्ये अभयारण्याच्या हद्दीतली ही गळमासेमारी बंद झाली. संशोधकांनी १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या वह्या काढून वाचल्या. २०१५ साली छापलेल्या निबंधात निष्कर्ष आला. एकूण मासे वाढले होते. पण वाढले होते ते निळ्या पराचे, बाहेरून आणलेले. उंच पाठीचा मूळ मासा वर्षागणिक घटत होता, आणि मिळत होता तो मोठा, म्हातारा. लहान पिल्ले नव्या पाहुण्याचीच दिसत होती. आमची खडशी तिथे घुसखोर ठरली.

त्याहून मोठी लाजिरवाणी बाब म्हणजे, जगभर प्रसिद्ध असलेल्या त्या कावेरीच्या माशाला तोवर शास्त्रीय नावच पक्के नव्हते. साईक्सच्या शब्दांचा तो जुना घोळ. नाव नाही म्हणून धोक्याच्या यादीत जागा नाही, जागा नाही म्हणून संरक्षण नाही. २०१८ मध्ये तो केरळातल्या पांबार नदीतून आधी वर्णिलेला ‘टॉर रेमादेवी’च आहे असे सिद्ध झाले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद ‘अत्यंत धोक्यात’ अशी झाली. खडशी आधी ‘धोक्यात’ या वर्गात होती. अलीकडच्या मूल्यमापनात ती ‘किमान चिंता’ या वर्गात आली.

कुलकर्णी-ओगल्यांना मी दोष देत नाही. नदी वाचवायचीच त्यांची इच्छा होती, आणि त्यांनी आम्हाला शिकवले की खडशीचे बी माणसाच्या हाताने जगवता येते. पण एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडणे म्हणजे उपकारच असे धरून चालणे किती महाग पडते, हे कळायला चाळीस वर्षे आणि गळकऱ्यांच्या वह्या लागल्या.

*

ब्लूफिनची गोष्ट इथे परत आठवते. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या वुड्स होलच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या फ्रँक मॅथरने हौशी गळकऱ्यांना हाताशी धरले. ट्यूना सोडताना त्याच्या पाठीला क्रमांकाची छोटी चिठ्ठी टोचायची आणि कार्ड भरून पाठवायचे. अशा चिठ्ठ्यांतून कळले, की अमेरिकेच्या किनाऱ्याला सोडलेला मासा अटलांटिक ओलांडून युरोपकडे जातो. त्यानंतर दोन्ही किनाऱ्यांच्या सरकारांना एकत्र बसावे लागले. हौसेला नोंदीची जोड मिळाली, की ती ज्ञान होते. नोंद नसेल तर फोटो उरतो.

भीमा खोऱ्यातही नोंदी करणारे झाले. १९४२ मध्ये फ्रेझरने पुण्याच्या माशांची यादी मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात दिली. २००३ मध्ये संजय खरात, नीलेश दहाणूकर आणि सहकाऱ्यांनी जुन्या याद्यांशी ताडून पाहिले, तर पुण्याच्या नद्यांतले कितीतरी मासे दिसेनासे झाले होते आणि बाहेरचे आले होते. साईक्सला जिथे खुद्री मिळाली, ते पुण्याच्या पूर्वेचे पाणी मी मुद्दाम जाऊन पाहिले. पाण्यावर फेस होता आणि काठावर जलपर्णी. नाकाला रुमाल लावूनच उभे राहावे लागले. जिथून या माशाला जगात नाव मिळाले, तिथे तो आता राहू शकत नाही.

मढे घाट उतरून वेल्ह्यातून महाडकडे गेले, की काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनीचा डोह. तिथले महासीर देवीचे, म्हणून कोणी गळ टाकत नाही. लोक चुरमुरे टाकतात आणि हातभर मासे पायाशी येतात. ना कायदा, ना पहारेकरी. श्रद्धेने जपले, म्हणून राहिले. पण भाटघरच्या पाण्यावर कोणाची देवी नाही. तिथे ठेका आहे, सोसायटी आहे, वरून सोडलेले कटला-रोहू आहेत, तिलापिया आहे आणि आता शनिवार-रविवारी काठ्या आहेत.

परतीच्या वाटेवर मी त्या सात जणांना म्हटले, “तुम्ही येत राहा. पण दर माशाची लांबी, जागा, तारीख, पाण्याची पातळी एका वहीत लिहा. आणि फोटो मासा पाण्यात ठेवूनच काढा.” दोघांनी मान डोलावली. एकाने “चांगली कल्पना आहे काका” म्हटले आणि फोन काढला. चैत्रात ते पुन्हा आले, तेव्हा एक वही आणली होती. त्यात अकरा मासे आहेत. तीन खडशी.

आबांकडे मी आता आठवड्यातून एकदा जातो. ते बोलतात, मी लिहितो. भुतोंड्याच्या बाजूला पूर्वी ‘खडशीचा डोह’ होता, तो आता पाण्याखाली आहे. चढणीला खडशी कोणत्या ओढ्यात शिरायची, कोणत्या पावसात, तिच्या आधी कोणता मासा यायचा, हे त्यांना पाठ आहे. परवा मी साईक्सच्या यादीतली नावे त्यांना एकेक वाचून दाखवली. इंग्रजी वळणाची, वाकडीतिकडी. बहुतेक त्यांनी ओळखली. दोन-तीन ठिकाणी माझा उच्चार सुधारला. शेवटी विचारले, “हे समदं लिवून घेणारा सायेब कोण व्हता?”

मी सांगितले.

“आन् त्याला सांगणारा?”

वहीच्या पहिल्या पानावर मी त्या दिवशी आबांचे नाव लिहिले.